सतरा नंबरचा ठसा

१

सहा पितळी वॉल्व्ह मालकांच्या काचेच्या टेबलावर ओळीने मांडले होते, आणि त्या सहांनी मिळून एका मुलीची नोकरी खाल्ली होती. बडतर्फीचा कागद टाइप होऊन तयार होता. चार वाजता तिला बोलावून हातात ठेवायचा, की प्रकरण मिटलं.

"तसं ते मिटलेलंच आहे," मालक म्हणाले. "तुम्ही फक्त एकदा नजर टाका. उद्या तिने दावाबिवा ठोकला तर आपली बाजू पक्की हवी. दावा कसा टाळायचा, एवढंच सांगा."

सल्ल्यासाठी बोलावलेल्या समोरच्या बाईंनी पर्स टेबलावर ठेवली. तीस वर्षं त्या सरकारी कारखाना-निरीक्षक होत्या. पर्समध्ये कायम एक भिंग असायचं, म्हणून कामगारांनी त्यांना भिंगबाई म्हणायला सुरुवात केली, आणि निवृत्तीनंतरही ते नाव चिकटून राहिलं. तसाच रागही राहिला. नोकरीत तो गिळावा लागायचा, पेन्शनीत ती सक्ती नव्हती.

"काय झालं ते सांगा. आणि मुलीचं आधी सांगा, वॉल्व्हचं नंतर."

मालकांनी घड्याळाकडे बघत सांगितलं. कारखाना गॅसच्या वॉल्व्हचा. शेवटच्या बाकावर बायका प्रत्येक वॉल्व्हमध्ये हवा भरून तो पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला नाही की आपल्या नंबरच्या पोलादी पंचाने त्यावर ठसा ठोकतात. ही मुलगी सतरा नंबर; आधी बावीस वर्षं तिची आई त्याच नंबरवर होती. पंधरवड्यापूर्वी ती वर ऑफिसात आली आणि फोरमन मागे येऊन उभा राहतो, नको तिथे हात लावतो, अशी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी तिला 'विश्रांतीसाठी' घरी पाठवलं. चौथ्या दिवशी गोदामाची अचानक तपासणी झाली आणि हे सहा सापडले. सहाही गळके, सहांवर सतराचा ठसा.

"आणि बघा, अंगावर ओतकामाचा आठवडा कोरलेला आहे. तक्रारीच्या दहा दिवस आधीचा. माल ओतला की दोन दिवसांत तपासून गोदामात जातो. म्हणजे चूक आधीची. ती सापडणार हे पोरीला कळलं, म्हणून तिने फोरमनवर बालंट आणलं. ही मांडणी कर्मचारी विभागाच्या मॅडमची आहे. हुशार आहेत हं आमच्या मॅडम."

भिंगबाईंनी पहिला वॉल्व्ह उचलून भिंगाखाली धरला. एक बारीक गोल आणि गोलात सतरा. गोलाची खालची कड मात्र उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली. दुसऱ्यावर तीच कड तुटलेली, तिसऱ्यावरही. मग त्यांनी आटे पाहिले. चौथ्या वॉल्व्हच्या आट्यात, अगदी तळाशी, मोहरीएवढा लाल कण अडकला होता.

"चारला किती वेळ आहे?"

"साडेपाच तास. चहा मागवू?"

"नको," भिंगबाई उठत म्हणाल्या. "मला आधी मॅडमकडे जायचंय."

२

मालकांच्या खोलीबाहेरच्या दालनात समोरच्या भिंतीवर मोठी चकचकीत पाटी होती. 'आमच्या कारखान्यात तक्रारी : शून्य. सलग दिवस : एक हजार एकशे चाळीस.' भिंगबाई पाटीसमोर थांबल्या. पंधरवड्यापूर्वी एक मुलगी तक्रार घेऊन आली होती आणि दिवस मात्र चढतच होते. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

कर्मचारी विभागाच्या मॅडम दारापर्यंत सामोऱ्या आल्या. महिलांच्या तक्रार समितीच्या अध्यक्षही त्याच. खोली टापटीप होती, थिनरचा वास मात्र नाकात भरत होता.

"सॉरी हं, वासाबद्दल. नोटीस बोर्डाच्या काचेवर जुना गोंद बसला होता. मीच पुसत असते, शिपायाला जमत नाही." त्यांनी हातातलं फडकं घडी करून खिडकीत ठेवलं. पांढऱ्या फडक्यावर एक गुलाबी डाग होता. काचेमागे नवं पोस्टर होतं : 'बोला. आम्ही ऐकतो.'

"तिचं ऐकलंत?"

"अगदी पाऊण तास. दार लावून, दोघीच होतो. रडली, पाणी दिलं." मॅडमचा आवाज मऊ होता. बोलताना टाचण्यांच्या वाटीतली पितळेची एक चकती त्या बोटाने सारखी उलटीपालटी करत होत्या. "मला खरंच वाईट वाटलं. पण बाई, गॅसचा वॉल्व्ह आहे. उद्या कुणाचं घर पेटलं तर? मी आधी सगळ्यांची आहे, मग तिची."

"तक्रारीचं कुणाला सांगितलंत?"

"त्या दिवशी तर कुणालाच नाही. गोपनीय असतं ना ते. मालकांनासुद्धा दुसऱ्या दिवशी."

"फोरमनला?"

"छे! त्याला तर तीन दिवसांनी, तो रजेवरून आल्यावर."

भिंगबाईंनी वहीत एवढंच लिहिलं, 'त्या दिवशी कुणालाच नाही.' मग खाली रेघ मारली, इतक्या जोरात की पान फाटलं.

३

फोरमन टेकून उभा होता, तोही तपासणीच्या बाकाला. बाकावरच्या बायका माना खाली घालून वॉल्व्ह बुडवत होत्या. तो त्यांच्या मागून चालला की एकेकीची पाठ ताठ होत होती. भिंगबाईंनी ते पाहिलं. ते पाहायला भिंग लागत नव्हतं.

"आमच्या घरात पण आयाबहिणी आहेत," त्याने सुरुवात केली.

"त्यांची चौकशी मी करत नाहीये."

तो हसला. "बाई, साधा हिशोब आहे. मी काही केलं असतं तर मी घाबरलो असतो. मी तर दुसऱ्या दिवशी पहाटेच बहिणीकडे गेलो, परगावी. तीन दिवस इथे नव्हतोच. तिकडे शंभर माणसांनी मला पाहिलंय. वॉल्व्हमध्ये मी काही गडबड केली असं कुणी म्हणत असेल ना, तर विसरा."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. आपलं सांगून ठेवलं."

"रजा आधीच टाकली होती?"

"नाही हो. मॅडमच म्हणाल्या, तीन दिवस दिसू नकोस, मी बघते." एवढं बोलून तो थबकला. आपण काय बोललो ते त्याच्या चेहऱ्यावर उशिरा पोचलं. "म्हणजे... प्रकृतीसाठी म्हणाल्या."

"कधी म्हणाल्या?"

"आठवत नाही."

मॅडम म्हणत होत्या की त्याला सांगितलं तीन दिवसांनी. तीन दिवस दिसू नकोस हे मात्र त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. भिंगबाई वळणार, एवढ्यात बाकावरची एक वयस्क बाई पाण्यातून हात न काढता पुटपुटली, "त्या दिवशी सतराचा पंच खाली पडला होता. तिला विचारा का पडला."

फोरमन वळला तेव्हा ती पुन्हा बुडबुडे बघत होती.

४

पंच स्टोअरमध्ये, जाळीच्या आत, फळीवर खिळ्याला टांगलेले असत. जाळीत स्टोअरवाले काका. निवृत्तीला दोन महिने उरलेले, चेहरा झाकलेल्या मुठीसारखा.

"बाकावरच्या प्रत्येकीचा पितळी बिल्ला असतो," ते म्हणाले. "सकाळी बिल्ला द्यायचा, पंच न्यायचा. संध्याकाळी पंच द्यायचा, बिल्ला न्यायचा. बिल्ल्याशिवाय पंच माझ्या बापालाही मिळणार नाही. चाळीस वर्षांची रीत आहे."

"पंच मागणारा माणूस कोण, ते बघत नाही?"

"बिल्ला बघतो. माणसं बदलतात."

सतरा नंबरचा पंच खिळ्याला होता. भिंगबाईंनी तो उतरवून उजेडात धरला. खालची कड तुटलेली होती.

"हा कधी तुटला?"

"तिने त्या दिवशी दुपारी आणला होता. बदलून द्या म्हणाली. नवा सोमवारी येणार होता, म्हटलं तोवर हाच चालव. मग सोमवारी तीच नव्हती."

"ती घरी असताना हा पंच कुणी नेला?"

"हललाच नाही तो खिळ्यावरून."

एवढंच बोलून ते खिळ्यांवरची धूळ झटकायला लागले. खिळ्यांवर धूळ नव्हती. भिंगबाईंचा हात जाळीवर आपटला. "काका, तिच्या आईलाही तुम्हीच पंच देत होतात ना? बावीस वर्षं?"

काकांनी मान वर केली नाही. भिंगबाई गोदामात गेल्या आणि स्वतः खोकी उघडायला लागल्या.

५

दोन गल्ल्या सोडून, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, एका खोलीत मायलेकी राहत होत्या. आईने बावीस वर्षं त्याच बाकावर, त्याच नंबरवर काम केलेलं. कारखान्यात तिला थोरली सतरा म्हणत, मुलीला धाकटी. थोरलीच्या बोटांची कातडी जन्मभराच्या पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

"फोरमनचं एक वेळ मी गिळलं असतं," थोरली म्हणाली, "आमच्या वेळी गिळायचेच. ह्या पोरीने गिळलं नाही, मला अभिमान आहे. पण गळका वॉल्व्ह पास केला म्हणतात! म्हणजे कुणाच्या घरात काडी टाकली म्हणण्यासारखंच झालं. हा डाग लागला तर तिला दुसरा कारखाना दारात उभं करणार नाही. बावीस वर्षांत माझ्या ठशाचा एक वॉल्व्ह परत आला नाही हो!"

भिंगबाईंना एक जुना अर्ज आठवला. सतरा वर्षांपूर्वी अशाच एका बाईच्या अर्जावर त्यांनी खुर्चीत बसून 'तथ्य नाही' असा शेरा मारला होता. वरून सांगणं आलं होतं. ती बाई पुन्हा कुठेच कामाला लागली नाही. ते कळलं तेव्हापासून भिंग पर्समध्ये होतं.

"पंच कसा पडला?" त्यांनी मुलीला विचारलं.

"मी मॅडमकडून खाली आले. पंधरा मिनिटंही झाली नसतील. फोरमन मागून आले, कानाशी म्हणाले, 'सांगून आलीस? बघतो आता.' हात ओले होते, पंच सुटला आणि फरशीवर आपटला. कड गेली."

"पंधरा मिनिटं," भिंगबाई दात आवळून म्हणाल्या. "बरं, मला सांग, बुडबुडा आला तर तुम्ही काय करता?"

"लाल रंगाचा ठिपका लावायचा आणि लाल पेटीत टाकायचा. महिनाअखेरीस ते सगळे पुन्हा वितळवायला जातात."

"त्या ओतकामाच्या आठवड्यात तू काही नापास केले होतेस?"

"बरेच. त्या ओतात खोट होती. मी फोरमनना सांगितलंही होतं. म्हणाले, तू तुझं बघ."

"शेवटचं. तुझा बिल्ला कुठे आहे?"

"घरी पाठवताना मॅडमनी ठेवून घेतला. म्हणाल्या, माझ्याकडे सुरक्षित राहील."

भिंगबाई उठल्या. "चला दोघी. साडेतीन झालेत. मालकांना चारची घाई आहे."

६

मालकांच्या खोलीत मॅडम, फोरमन आणि स्टोअरवाले काका आधीच बसले होते. मायलेकींना कुणी खुर्ची दिली नाही, तेव्हा भिंगबाईंनी फोरमनकडे बोट केलं. "उठ." तो उठला. थोरली बसली.

"मालक, तुमच्या मॅडमची मांडणी एका गोष्टीवर उभी आहे. वॉल्व्ह आधीचे, तक्रार नंतरची. ओतकामाचा आठवडा कोरलेला आहे, तो खोटा नाही. पण वॉल्व्ह ओतला कधी आणि त्यावर ठसा बसला कधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे घ्या भिंग. गोल बघा."

मालकांनी पाहिलं. "कड तुटलीय."

"सहांचीही. आता हे बघा." त्यांनी पर्समधून आणखी चार वॉल्व्ह काढले. "त्याच आठवड्याचे, हिनेच पास केलेले, तुमच्याच गोदामातल्या सीलबंद खोक्यांतले. गोल अख्खा. मी बारा खोकी उघडली. तक्रारीच्या दुपारपर्यंत प्रत्येक ठसा अख्खा, त्यानंतरचा प्रत्येक तुटका. पंच तक्रारीनंतर पडला. काका साक्षीला आहेत, तिने त्याच दुपारी बदलून मागितला होता. मग दहा दिवस आधी ठोकलेल्या ठशाची कड आधीच कशी तुटली? पंचाला भविष्य कळत होतं का?"

भिंगबाईंनी चौथा वॉल्व्ह मालकांपुढे सरकवला.

"हे सहा वॉल्व्ह ह्या पोरीने पास केलेच नाहीत. तिने ते पकडले, लाल ठिपका लावला आणि लाल पेटीत टाकले. कुणीतरी ते पेटीतून काढले, रंग पुसला, वर तिचा ठसा ठोकला आणि गोदामात नेऊन ठेवले. चौथ्याच्या आट्यात लाल रंग अजून आहे. तिने इमानाने पकडलेली खोट तिच्याच गळ्यात बांधली. तीस वर्षांत खूप हलकटपणा पाहिला, पण हा कळस आहे!"

"म्हणजे हा फोरमन—" मालक म्हणाले.

"मी नव्हतो इथे!" फोरमन ओरडला.

"नव्हताच," भिंगबाई म्हणाल्या. "त्याच्या करणीचा हिशोब वेगळा होईल. त्याला तीन दिवस बाहेर पाठवला तोच यासाठी, की संशय आला तर त्याच्यावर यावा आणि तो तर सुटलेला असावा. पंच बिल्ल्याशिवाय हलत नाही. सतराचा बिल्ला त्या तीन दिवसांत कुठे होता? मॅडमच्या टेबलावर, टाचण्यांच्या वाटीत. सकाळी माझ्यासमोर त्याच्याशी खेळत होत्या. रंग जातो थिनरने. थिनर त्यांच्या खोलीत आहे, आणि फडक्यावर गुलाबी डाग आहे. गोंद गुलाबी नसतो, मॅडम."

"थिनर सगळ्या कारखान्यात आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बिल्ला माझ्याकडे होता, म्हणून काय झालं? पंच खिळ्यावरून हलला नाही असं काका स्वतः सांगतात. हो ना काका?"

काकांनी मान वर केली. समोर थोरली सतरा बसली होती. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"हलला," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. मॅडम बिल्ला घेऊन आल्या. म्हणाल्या, समितीला पंचाचा फोटो हवाय. अर्ध्या तासात परत आणला. मधे बाजूच्या रेकॉर्डच्या खोलीतून ठोके आले. मोजायचे नव्हते मला, पण आयुष्य गेलंय, कान मोजतातच. सहा ठोके. वॉल्व्ह सापडले तेव्हाच मला कळलं. दोन महिने राहिलेत म्हणून तोंड शिवून बसलो." ते थोरलीकडे वळले. "चुकलो, वहिनी."

मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "मग काय करायचं होतं मी? मोठं गिऱ्हाईक पाटी बघून माल उचलतं! मालक, तुम्हीच म्हणालात ना, ह्या वर्षी पाटी बदलता कामा नये, कसंही करा, माझ्यापर्यंत येऊ देऊ नका? मी कसंही केलं! ओतकामाचा आठवडासुद्धा तपासून घेतला होता मी!"

"तारीख वाचलीत, ठसा वाचला नाहीत," भिंगबाई म्हणाल्या. "बाकावर एक दिवस बसला असतात तर कळलं असतं. दार लावून, पाणी देऊन ऐकलंत, आणि पंधरा मिनिटांत फोरमनला खबर. कुंपणानेच शेत खाल्लं. चोराला रजा आणि संन्याशाला फाशी!"

मालकांनी रुमालाने मान पुसली. "बाई, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक होऊ नये अशी सोय तुम्हीच केली होती."

"मी दोघांनाही आजच्या आज काढतो. हिला कामावर घेतो. पगारवाढही... मग तरी दावा टळेल ना?"

भिंगबाईंनी पर्स बंद केली. आता त्यांना ओरडावंसंही वाटेना.

"टळला असता. ती पहिल्यांदा जिना चढून आली ना, तेव्हा. तिला विश्रांती देण्याऐवजी त्याला बाजूला ठेवला असता, खरं काय ते शोधलं असतं आणि तिचा पंच तिच्या हातात राहू दिला असता, तर तुमच्यावर दावा करायला तिला कारणच उरलं नसतं. एवढंच असतं ते. तुम्ही दावा टाळायला निघालात आणि अन्याय तसाच ठेवलात. आता मी माझा अहवाल तिला देणार आहे. तुम्हाला त्याची प्रत मिळेल."

टेबलावर बडतर्फीचा कागद तसाच पडला होता. धाकटी सतरा इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली, आणि कुणाकडे न बघता काकांना म्हणाली, "काका, लाल रंग आणता?"

काका धावतच गेले आणि बाकावरचा डबा घेऊन आले. तिने ब्रश बुडवला. एकेक वॉल्व्ह उचलला, आटे निरखले आणि लाल ठिपका लावला. सहाही झाले. थोरलीने एकेक वॉल्व्ह घेऊन बघितला आणि मान डोलावली.

मग धाकटीने बडतर्फीचा कागद समोर ओढला. खाली मालकांची सही होती, शेजारी मॅडमची. तिने दोन्ही सह्यांवर एकेक ठिपका दिला आणि कागद मालकांकडे सरकवला.

"नापास," ती म्हणाली. "चल आई."